अठ्ठाविसावा दिवस

आल्मा पेल्तिए हिनं सेंट ऑडील शाळेच्या कचेरीत तीस वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकाही पोराचं नाव चुकीचं लिहिलं गेलं नाही. ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. आमच्या खोऱ्यात अर्धं गाव सीर आडनावाचं आणि उरलेलं बहुतेक मिशो. एका वर्षी तर चौथीच्या एकाच वर्गात तीन जोझेफ सीर होते. बाई नवीन होत्या, त्या रडकुंडीला आल्या. आल्मानं हजेरीपटावर लिहून दिलं: लुईचा जोझेफ, आर्मांचा जोझेफ, आणि पुलापलीकडच्या विधवेचा जोझेफ. ती पोरं मोठी झाली, लग्नं झाली, तरी गावात अजून त्याच नावांनी ओळखली जातात.

शाळा चर्चची. तिला सरकारचा पैसा नाही, सरकारचं जेवण नाही. दुपारचं सूप पोरांच्या आया आळीपाळीनं करून आणायच्या. आल्माचं टेबल खिडकीशी होतं. खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडं कॅनडा. घंटा वाजवणं, फुटलेल्या गुडघ्याला पट्टी लावणं, तापलेल्या पोराच्या घरी फोन करणं, सिस्टर क्लोतिल्दचा चष्मा शोधून देणं, ही सगळी तिची कामं. नवरा लुजे कागद गिरणीत होता. तो गेल्यावर ती शाळेतच जास्त रमायला लागली. मूलबाळ नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "आहेत की. यंदा एकोणसाठ आहेत."

सिस्टर क्लोतिल्द मुख्याध्यापिका. वय बहात्तर, गुडघे कामातून गेलेले, पण जिभेला धार. सातवी-आठवीचं गणित वर्षानुवर्षं त्याच शिकवत. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचे पडदे खराब होत चाललेत, फळा सोडा. गणिताला मास्तर शोधायला सुरुवात झाली. जाहिरात दिली, पत्रं लिहिली. एक तरुण दक्षिणेकडून मुलाखतीला आला, बर्फ किती महिने असतो ते विचारलं आणि सिस्टरनी खरं सांगितल्यावर परत गेला.

मग पोर्टलंडहून बिशपच्या कचेरीनं एक तोड सुचवली. तिकडं शहरातल्या शाळेत एक चांगले गणित मास्तर होते. ते पडद्यावरून एकाच वेळी पाच लहान शाळांना शिकवतील. पोरांना ते दिसतील, त्यांना पोरं दिसतील. फक्त त्यासाठी शाळेत इंटरनेटची जाड लाइन हवी. आमच्या शाळेत तेव्हा एकच फोनची तार होती. आल्मानं कॉम्प्युटर लावला की फोन बंद, आणि मग एखादी आई अर्धा तास फोन करून करून शेवटी गाडी काढून शाळेत यायची: "मेलात की काय सगळे?"

फोन कंपनीनं जाड लाइनचा दर कळवला. आमच्या खोऱ्यात कंपनी एकच, आणि तार ओढायची ती तिच्या वीस मैलांवरच्या केंद्रापासून. सिस्टरनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "आल्मा, एवढ्या पैशांत दोन जिवंत मास्तर येतील."

"येतील, पण राहणार कुठले?" आल्मा म्हणाली.

त्याच आठवड्यात बिशपच्या कचेरीचं दुसरं पत्र आलं. शाळांना फोन आणि लाइनच्या खर्चात सूट देणारी सरकारी योजना आहे, आणि ती नुसत्या सरकारी शाळांना नाही, खासगी शाळांनाही आहे. अटी दोन. शाळा नफ्यासाठी चालवलेली नसावी, आणि शाळेची ठेव पाच कोटी डॉलरच्या वर नसावी.

सिस्टर हसून हसून खोकायला लागल्या. "बघ गं बाई, बसतो का आपण यात?"

आल्मा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "परवा बिंगोच्या खेळात जमलेले पैसे धरून सांगू की न धरता?"

हसणं तिथंच संपलं, कारण पत्राच्या पुढच्या पानावर खरी गोम होती. सूट किती मिळणार हे शाळेत गरीब पोरं किती यावर ठरणार होतं. जितकी गरीब पोरं जास्त, तितकी सूट मोठी. सरकारी शाळांना ते सोपं, फुकट जेवणाऱ्या पोरांची यादी त्यांच्याकडं तयार असते. आमच्याकडं फुकट जेवण नव्हतं, म्हणजे यादी नव्हती. मग प्रत्येक घरी एक कागद पाठवायचा. घरात माणसं किती, आणि वर्षाचं उत्पन्न अमुक आकड्याच्या वर की खाली. खाली आई-बापाची सही. निदान अर्ध्या घरांचे कागद परत यायला हवेत, तरच आकडा ग्राह्य.

आल्मानं अडतीस घरांसाठी अडतीस कागद काढले. मूळ मजकूर इंग्रजी होता. तिनं पाठीमागं फ्रेंचमध्ये समजावून लिहिलं, कारण आमच्याकडं घरोघरी बोलणं फ्रेंच, इंग्रजी कागद आला की लोकांना तो कोर्टाचाच वाटतो. बटाट्याच्या काढणीसाठी शाळेला तीन आठवडे सुट्टी असते. सुट्टी संपून पोरं काळ्या नखांनी परत आली, तेव्हा तिनं प्रत्येकाच्या दप्तरात एकेक पाकीट घातलं.

दोन आठवड्यांत अकरा कागद परत आले. नऊ जणांनी ‘वर’ या चौकोनात खूण केली होती.

आल्मा ते नऊ कागद घेऊन बसून राहिली. त्यात एक गिरणीतून काढून टाकलेल्याचा होता. एक त्या बाईचा, जिची तिन्ही पोरं एकाच कोटाच्या आधारानं थंडी काढायची. थोरलं घरी पोचलं की धाकटं तोच घालून दुकानात जायचं. कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाचे बूट कुणाच्या पायांतून आलेत, हे आल्माला सत्तावीस वर्षांचं तोंडपाठ. पण तिला काय माहीत आहे, हे विचारणारा चौकोन त्या कागदावर कुठंच नव्हता.

"तूच भरून टाक की," असं सिस्टर म्हणाल्या नाहीत, पण त्या जरा जास्त वेळ गप्प राहिल्या. आल्माच म्हणाली, "नाही सिस्टर. सही त्यांची हवी."

बारावा कागद रेआल गेरेतकडून आला. कोऱ्या चौकोनांवरून जाड पेन्सिलीनं आडवं लिहिलं होतं: आम्ही मागून खात नाही.

रेआल चाळिशीचा, बटाट्याची शेती असलेला, चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसणारा माणूस. आल्मा नोकरीला लागली तेव्हा तो आठवीत होता. गावात त्याच्या शब्दाला वजन. त्यानं नाही म्हटलं की अर्धं गाव नाही म्हणतं. त्याची आणि बायको झानीनची तीन पोरं शाळेत होती, आणि सातवीतली मिरेय गणितात अशी होती की सिस्टर तिला स्वतःच्या जुन्या वह्या सोडवायला द्यायच्या.

आल्मा शनिवारी सकाळी गाडी काढून त्याच्याकडं गेली. तो कोठारात होता. आमच्याकडची बटाट्याची कोठारं अर्धी जमिनीत असतात. आत गार, ओलसर मातीचा वास आणि एक पिवळा दिवा. रेआल पट्ट्यावरून येणारे बटाटे निवडत होता. चांगले पुढं, फुटके खाली.

"मादाम आल्मा," तो मान वर न करता म्हणाला, "कागदासाठी आला असाल तर घरात जा. झानीननं प्लॉयची धिरडी टाकलीत, गरम आहेत. खा आणि जा."

"खाईन. आधी तुझ्याशी बोलते."

"माझं बोलणं मी लिहून दिलंय."

"शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या त्यात," आल्मा म्हणाली. "आठवीतही त्याच करायचास."

त्याला हसू आलं, ते त्यानं खोकून लपवलं. आल्मा पालथ्या घातलेल्या पिंपावर बसली. "रेआल, ही भीक नाही रे. तुझ्या घरी फोनचं बिल येतं ना? त्यात खाली एक बारीक आकार असतो दर महिन्याला. तो याच योजनेत जातो. तुझेच पैसे. इतकी वर्षं तू शहरातल्या शाळांच्या तारांचे पैसे भरतोयस."

रेआलचा हात थांबला. "खरं?"

"बिल आण, दाखवते."

"चोर लेकाचे," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पण तरी कागदावर लिहायचं म्हणजे... माझ्या बापानं तीस एकर जंगल हातानं तोडलं. त्याच्या नातीनं शाळेत जायचं आणि कागद सांगणार, ही गरिबांची."

"कागद तुझ्या बापाला काही विचारत नाही. मला तेवढा दिसेल. वर जाईल तो नुसता आकडा."

"तुम्हाला सोपंय. तुम्हाला भरायला नाही लागत."

मग तिनं आजवर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. लुजेच्या गिरणीत संप झाला होता, त्या हिवाळ्यात ती सहा आठवडे चर्चच्या मागच्या दारानं जाऊन अन्नाचं खोकं आणत होती. डोक्यावरून रुमाल ओढून जायची, कुणी ओळखू नये म्हणून.

रेआल म्हणाला, "माहितीय."

"तुला कसं माहीत?"

"सगळ्या गावाला माहितीय, मादाम आल्मा. तो रुमाल लाल होता."

आल्माचे कान तापले. एवढी वर्षं झाकून ठेवलेलं असं उघड्यावर पडलेलं पाहून तिला हसावं की उठून जावं ते कळेना. रेआलनं पट्टा बंद केला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "आणा तो कागद."

त्यानं नुसती सही करून विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तो चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "फोनच्या बिलात आपल्याकडून काढतात, ते परत आणायचंय. लाजायचं काय त्यात? मी भरलाय. ‘खाली’च्या चौकोनात खूण केलीय. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा." लोक टोप्या घालून पायऱ्या उतरले. झानीन मात्र गाडीत जाऊन बसली आणि तिनं काच वर केली.

महिन्याभरात तेहतीस कागद आले. काही पाकिटांत, काही हातात कोंबलेले, एक तर पावाच्या पिशवीत तळाशी. ज्यांनी आधी ‘वर’ लिहिलं होतं, त्यांतले सात जण येऊन दुसरा कागद मागून गेले. एक आई सही करताना म्हणाली, "माझ्या नवऱ्याला सांगू नका हं. त्याला वाटतं आम्ही बरे आहोत." एकोणसाठांपैकी एकेचाळीस पोरं रेषेच्या खाली निघाली. म्हणजे शंभरातल्या ऐंशीची सूट. आल्मानं सगळे कागद खालच्या खणात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत घातली.

पुढची पायरी अशी होती की, आम्हाला लाइन हवी आहे अशी जाहीर सूचना सरकारी योजनेच्या पानावर टाकायची, आणि ती अठ्ठावीस दिवस तिथं राहू द्यायची. हेतू हा की सगळ्या कंपन्यांना दर सांगायची संधी मिळावी. तोवर कुणाशीही करार करायचा नाही. चौदा डिसेंबरला आल्मानं सूचना टाकली. त्या अठ्ठावीस दिवसांत एकाही दुसऱ्या कंपनीनं विचारलं नाही. विचारणार कोण? खोऱ्यात दुसरी कंपनी होतीच कुठं? पण नियम होता, आणि आल्मा नियम पाळणारी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज एक फुली मारायची.

दहा जानेवारीला, बुधवारी, कंपनीचा माणूस आला. डग्लस हॅच त्याचं नाव, इंग्रजी बोलणारा, तीन तास गाडी चालवून दक्षिणेहून आलेला, आणि फार भला. त्यानं बूट दाराबाहेर झटकले. "बाई, उद्यापासून मोठं वादळ आहे. मी आज परतलो नाही तर आठवडाभर इथंच. पुढच्या आठवड्यात तुमच्या अर्जाची मुदत संपतेय. आज सही करता येईल का?"

आल्मानं कॅलेंडरवरच्या फुल्या मोजल्या. चौदा तारखेपासून दहापर्यंत, बोट ठेवून ठेवून. अठ्ठावीस. पुन्हा मोजल्या. अठ्ठावीस.

"झाले," ती म्हणाली. "आज अठ्ठाविसावा."

"नियमांचं मला काही सांगता येत नाही. कंपनीला मनाई आहे, ते तुमचं तुम्हीच बघायचं," डग्लस म्हणाला. मग पेन काढताना अगदी सहज बोलला, "तारीख पुढच्या सोमवारची टाकली तरी चालेल. आमच्या कचेरीत कागद सोमवारीच उघडतील."

"सही आज, तर तारीख आजची," आल्मा म्हणाली. तिला जरा रागच आला. हजेरीपटावर तिनं कधी पुढची तारीख टाकली नव्हती.

सिस्टरनी भिंगातून बघत सही केली. तारीख आल्मानं घातली, तिच्या गोल, सुवाच्य अक्षरात. बाहेर बर्फ पडायला लागला होता. डग्लसला तिनं सूप पाजलं आणि वाटेसाठी पावाच्या दोन चकत्या बांधून दिल्या.

पुढं सगळं सुरळीत झालं. अर्ज वेळेत गेला. उन्हाळ्यात तार आली, भिंतीला भोक पडलं, वर्गात पडदा लागला. सप्टेंबरात शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात पडद्यावर गणिताचे मास्तर आले. टक्कल, लाल टाय. पोरं आधी नुसती हात हलवत होती. मग मास्तरांनी एक गणित घातलं आणि पाच शाळांत मिळून पहिलं उत्तर मिरेय गेरेतचं आलं. "ती कोण? निळ्या स्वेटरची?" मास्तरांनी पाचशे किलोमीटरवरून विचारलं. मिरेय उभी राहिली, लाल झाली आणि खाली बसली. आल्मा दारात उभी राहून बघत होती. सिस्टरना नीट दिसत नव्हतं, म्हणून ती त्यांना हळूहळू सांगत होती: आता उभी राहिली, आता बसली, आता हसतेय.

दहाव्या दिवशी पाकीट आलं.

सूट नाकारली होती. कारण एका ओळीत होतं. सूचना चौदा डिसेंबरला टाकली, त्यामुळं अकरा जानेवारीच्या आधी करार करता येत नव्हता. करार दहा जानेवारीचा आहे.

आल्मानं कॅलेंडर काढलं. मागच्या शालेय वर्षाचं होतं, तरी तिनं ते फेकलं नव्हतं. पुन्हा बोट ठेवलं. चौदा तारीख तिनं पहिला दिवस धरली होती. ती धरायची नव्हती. अठ्ठावीस दिवस पुरे व्हायला हवे होते आणि सही त्यानंतर.

तिनं त्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडं एक बाई होती, आवाज तरुण, अदबशीर. आल्मानं सगळं सांगितलं. दुसरी कंपनी नाही, वादळ, चुकलेली मोजणी.

"मला समजतंय, मॅडम. पण कागदावर जी तारीख आहे, ती आहे."

"समजा मी एक दिवस पुढची तारीख टाकली असती तर?"

"याचं उत्तर मला देता येणार नाही, मॅडम. तुम्ही अपील करू शकता."

अपिलाचं पत्र आल्मानं चार वेळा लिहिलं. पहिल्यात ती रडत होती, ते सिस्टरनी फाडलं. दुसऱ्यात भांडत होती, ते तिनं स्वतः फाडलं. शेवटचं साधं होतं: चूक माझी आहे, पोरांची नाही. ते नोंदणीनं पाठवलं, पोचल्याची पावती आली, आणि त्यानंतर काहीही आलं नाही. महिने गेले. फोन केला की तोच किंवा तसाच आवाज म्हणायचा, "आपलं प्रकरण विचाराधीन आहे."

पूर्ण दर भरायची ऐपत नव्हती. त्याच ऑक्टोबरात सिस्टरनी लाइन बंद करायला सांगितलं होतं. पडदा भिंतीवर तसाच राहिला. काही दिवस पोरं सवयीनं त्याच्याकडं बघायची. गणित दुसऱ्या वर्गाच्या बाईंनी पुस्तकातून जमेल तसं शिकवलं. नाताळनंतर तीन घरांनी पोरं काढून शेजारच्या गावातल्या सरकारी शाळेत घातली. तिथं लाइनही होती आणि गणिताला माणूसही.

जानेवारीत रेआल आला. टोपी हातात घेऊन कचेरीत उभा राहिला. शाळा भरलेली असताना तो कधी कचेरीत येत नसे.

"मादाम आल्मा, मिरेयला तिकडं घालतोय. धाकटी दोघंही जातील मग बसनं. तिघांना दोन शाळांत सोडायला माणूस नाही घरात."

"बरोबर आहे," आल्मा म्हणाली. "तिचं डोकं वाया जाऊ देऊ नकोस."

"तुमच्यावर राग नाही हां. सही करायला मीच तर सगळ्यांना सांगितलं."

आल्माला वाटलं, तो रागावला असता तर बरं झालं असतं. ती दाखले काढायला उठली. रेआल तसाच उभा होता. टोपीची कड बोटांत फिरवत म्हणाला, "एक मागू का?"

"माग की."

"तो कागद परत द्या. चौकोनवाला. आता काही उपयोग नाही ना त्याचा? झानीनला बरं वाटेल. ती अजून चर्चमधून निघताना लोकांकडं बघत नाही."

आल्माचा हात गळ्यातल्या किल्लीकडं गेला. खण तिथंच होता, गुडघ्याजवळ. उघडायला क्षण लागला नसता.

"नाही देता येत, रेआल."

"का?"

"नियम आहे. अर्जाबरोबरचे सगळे कागद पाच वर्षं जपून ठेवायचे. तपासायला कुणी आलं तर दाखवावे लागतात. आणि अपील चालू आहे तोवर तर हातच लावायचा नाही."

रेआलनं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात चीड नव्हती, चांगल्या बटाट्यांत एखादा आतून काळा निघाला की तो ज्या नजरेनं बघायचा, तसं काहीसं होतं. "सूट नाही दिली," तो सावकाश म्हणाला, "पण आम्ही गरीब आहोत हे तेवढं ठेवून घेतलं."

तिनं तीन दाखले लिहिले. नावं नेहमीसारखीच बिनचूक होती. रेआलनं ते घडी करून खिशात ठेवले, "मेर्सी" म्हणून आभार मानले आणि तो गेला. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं की खण उघडावा, एकच कागद बाहेर काढावा आणि कुणाला काही सांगू नये. ती खणाशी वाकलीसुद्धा. मग डोळ्यांसमोर आलं, तपासायला माणूस आलाय, बत्तीसच कागद मोजतोय, अपील त्यावरून फेटाळलं जातंय आणि पुन्हा चूक तिचीच. ती सरळ झाली आणि तिनं सुट्टीची घंटा दिली. चार मिनिटं लवकर.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये शाळा बंद झाली. शेवटच्या वर्षी सत्तावीस पोरं होती. बिशपच्या कचेरीतून माणूस आला, फार कमी शब्दांत बोलला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टर क्लोतिल्द ननांच्या घरी गेल्या आणि दुसऱ्या हिवाळ्यात वारल्या. इमारत गावानं घेतली, आता तिथं बर्फ काढायच्या गाड्या उभ्या असतात. आल्मानं खालच्या खणातले कागद घरी नेले, कारण अपील अजून विचाराधीन होतं आणि जपून ठेवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात नावं लिहून घ्यायला जाऊ लागली.

पत्र आलं दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, शाळेच्या नावानं, पोस्टमननं ओळखून तिच्या घरी टाकलेलं. आल्मानं ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. लहान शाळांच्या अशा किरकोळ चुकांबाबत नव्यानं विचार झाला होता. एका दिवसाच्या फरकासाठी सूट नाकारणं योजनेच्या हेतूला धरून नव्हतं. अपील मान्य. शाळेनं घेतलेल्या सेवेची बिलं सादर करावीत. आणि सर्व कागदपत्रं पुढील पाच वर्षं सांभाळून ठेवावीत.

ती बसली. पुन्हा वाचलं. तिला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. क्षणभर तिला वाटलं की सिस्टरना सांगायला हवं. मग सिस्टर नाहीत हे आठवलं, आणि लाइन नाही, आणि बिलंही नाहीत, महिन्याभराचं एक सोडून. तिनं उत्तर लिहिलं: शाळा आता अस्तित्वात नाही. तीन आठवड्यांनी छापील कागद आला. माहितीबद्दल आभार, प्रकरण बंद करण्यात येत आहे.

त्या रविवारी चर्चच्या तळघरात कोंबडीच्या रश्श्याचं जेवण होतं. आल्मा वाढायला उभी होती. रांगेत रेआल आला, केस पांढरे झालेले. मिरेय आता विद्यापीठात निघाली होती, इंजिनिअर होणार होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिला तिकडच्या शाळेनं घडवलं, हेही ठाऊक होतं.

"रेआल," आल्मा म्हणाली. अपील मान्य झालं, हे तिला सांगायचं होतं. आपली बाजू बरोबर होती, तुझा कागद खोटा नव्हता की फुकट गेला नव्हता, असं काहीतरी. पण तो फुकटच गेला होता. आणि तो अजून तिच्याच कपाटात होता, आणखी पाच वर्षं राहायचा होता. हे त्याला कसं सांगायचं?

"काय, मादाम आल्मा?"

"मांडीचा तुकडा देऊ की छातीचा?"

"मांडीचा," रेआल म्हणाला. "यंदा पानांवर करपा पडलाय, बघितलात का? वरच्या शेतात तर काही ठेवलं नाही त्यानं." आल्मानं त्याच्या ताटात मोठा तुकडा घातला, वर रस्सा ओतला. तो पुढं सरकला, आणि मागची बाई ताट पुढं करून उभी होती.